चिठ्ठीवरचं नाव

रत्नम्मांनी ती चिठ्ठी लेकाच्या ताटाशेजारी आपटली, तेव्हा बसप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. दोन वर्षांनी मस्कतहून कालच सुट्टीवर घरी आलेला लेक, समोर त्याच्या आवडीचं जेवण... आणि भाकरी वाढायला वाकलेल्या हेमावतीनं भाकरी परत टोपलीत ठेवली.

"वाच की. येड्यांच्या डाक्टरची चिठ्ठी हाय, नाव तुज्या बायकूचं. दोन वर्सं गोळ्या आणती ही. तुला परमुलखात घोर नको म्हणून कळवलं न्हाय. उद्या हिला अक्कलकोटला म्हायेरी सोडून ये. दाक्षीला मी सांभाळती."

काय म्हणावं या हेमावतीला! एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण बसप्पाच्या मस्कतच्या कामगार छावणीत सोलापूरची चाळीसेक माणसं होती, शुक्रवार पेठेतली गोष्ट तिथं पोचायला एक पत्र पुरे होतं. म्हणून सासूनं तिच्या पुढ्यातली विळी काढून घेतली तरी ती गप्प, तेव्हा दोन वर्षांची असलेली दाक्षी कुशीतून उचलून नेली तरी गप्पच राहिली.

बसप्पानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"हेमा... तुज्या नावावर?"

"अहो, आधी जेवून घ्या," ती घाईघाईनं म्हणाली. तिचे डोळे मात्र विनवत होते... बोलू नका, तुमची नोकरी जाईल.

तो उठला, बॅगेतून हेमावतीनं मस्कतला धाडलेला शेंगाचटणीचा डबा काढला आणि चटणीत बोटं घालून तळाची पुडी ओढली. चिठ्ठीतल्याच गोळ्या होत्या.

"अव्वा, या माज्या हायत. तिकडं मला झोप येईना, कुणी नसताना कानात माणसं बोलायची. एकदा क्रेनवरनं उडी टाकायला निघालो हुतो. तिथल्या डाक्टरनं गुपचूप गोळ्यांचं नाव लिहून दिलं, कंपनीला कळलं तर परत धाडतील म्हणाला. मी हिला गोळ्या धाड एवढंच लिहिलं, ही चटणीत लपवून धाडत गेली. माजं दुखणं स्वतःचं म्हणून सांगून हिनं त्या आणल्या, हे मला आत्ता कळतंय."

रत्नम्मांनी लेकाच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. ज्या सुनेला दोन वर्षं माणसांतून उठवलं, तिनंच आपला लेक जिवंत ठेवला... त्या तशाच आत गेल्या, दाक्षायणीला उचलून आणलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"घे माय, तुजी तुला. मी चुकले ग."

पोर ताठ झाली, किंचाळली, मांडीवरून निसटून अज्जीच्या पदरात शिरली.

"तिच्याकडं नको, अज्जी. ती येडी हाय."

बसप्पानं तोंड फिरवलं. हेमावतीचे पुढं झालेले हात तसेच राहिले, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ती सासूकडं बघत हळूच म्हणाली,

"तिला रागवू नका, अव्वा. तुमी सांगता ते ती खरं धरती. आता दुसरं सांगा."