थुंकी लावून 'तपासले'

"ई! पुन्हा चाटली!" भोपू ओरडला.

"हळू बोल रे!" चिमटीने धाकट्या भावाला कोपराने ढोसलं.

सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशी खासगी विमानांच्या छोट्याशा तळावर सामान तपासायची. बॅग यंत्रातून जाणार, पडद्यावर आतलं दिसणार, मग तिच्यावर 'तपासले' अशी चिठ्ठी लावून मावशी सही करणार, असा नियम. पण आज बडे शेठ आले होते, सोबत चिमुरडी नात. सुपरवायझर साहेब चिठ्ठ्यांना थुंकी लावून न तपासलेल्या बॅगांवर स्वतःच चिकटवत सुटले होते. शी!

"साहेब, एकदा यंत्रातून..." मावशी म्हणाली.

"अहो, भिंतीवर काय लिहिलंय? 'ओळख पाहूनच सोडावे.' शेठजी ओळखीचेच आहेत! मुकाट्याने सह्या करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

ओळख म्हणजे ओळखपत्र, हे चौथीतलं पोरही सांगेल! साहेब मात्र शेठसमोर बत्तिशी दाखवत वाकत होते. मावशीचा हात पेनावरच थांबला होता.

इतक्यात भोपूने नाक वर केलं. "साहेब, त्या तपकिरी बॅगेला पेट्रोलचा वास येतोय!"

"चल पळ! मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही!"

चिमटी पेटली. तिने भोपूचे तीन दिवसांचे मोजे कोंबलेली स्वतःची सॅक गुपचूप सामानाच्या ढकलगाडीवर ठेवली. साहेबांनी सॅककडे न बघताच जीभ काढली आणि चिठ्ठी थापली!

पायलटबाई सामान मोजायला आल्या. "बॅगा पाच सांगितल्या होत्या. ही सहावी कुणाची?"

"माझी!" चिमटी पुढे झाली.

"तू येणार आहेस?"

"छे! मी कुठेच जात नाहीये. पण तपासलेली आहे हं, चिठ्ठी बघा!"

पायलटबाईंचा आवाज चढला. "साहेब, काय आहे आत?"

"क... कपडे असतील."

"असतील?" बाईंनी सॅक उघडली आणि झटकन नाक दाबलं. "सगळ्या बॅगा यंत्रातून न्या. आत्ताच्या आत्ता!"

तपकिरी बॅग आत गेली आणि मावशी किंचाळली, "कॅन आहे!" पाच लिटर पेट्रोल! झाकणातून पाझरून आतले कपडे भिजले होते.

"फार्महाउसच्या जनरेटरला लागतं," शेठ गुरगुरले. "नेहमीच नेतो. कुणी विचारत नाही!"

पायलटबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांच्या हुकमावरून साहेबांच्या गळ्यातलं ओळखपत्र तिथल्या तिथे जमा झालं.

"तुम्ही सही केली नाहीत, फार बरं केलंत," त्या मावशीला म्हणाल्या. "आणि पोरांनो, शाब्बास! आज तुमच्यामुळे आम्ही सगळे वाचलो!"

मावशीने दोघांना घट्ट जवळ घेतलं.

शेठ मात्र अजून तणतणतच होते. तेव्हा त्यांच्या नातीने त्यांची बाही ओढली.

"आजोबा, मीपण त्याच विमानात बसणार होते ना?"

शेठनी तिला झटकन कडेवर उचललं आणि ते त्या कॅनपासून लांब सरकले.