घुशीची ग्रंथी

सूक्ष्मदर्शकाखाली घुशीची लाळग्रंथी आली की यशोधराला शिसारी यायची. ऊतकांचे पातळ काप बघण्यात पंधरा वर्षं गेली होती, पण घूस म्हटली की गटारातून वर येणारं ते ओलं, केसाळ तोंडच तिच्या डोळ्यांपुढे येई. शी!

काम तुलनेचं होतं. खार, रानउंदीर, साळिंदर आणि घूस. ज्या प्राण्याची ग्रंथी माणसाच्या ग्रंथीशी जुळेल, तिच्या पेशी वाढवून ‘कलमग्रंथी’ बनवायची आणि रुग्णाच्या जबड्याखाली बसवायची. कर्करोगावरच्या किरणोपचारांनी लाळ आटलेल्यांच्या यादीत तिची आई, इंदुताई, पहिली होती. घासागणिक पाणी पिऊन ती मेटाकुटीला आली होती. आठ महिन्यांत चौदा किलो वजन उतरलं होतं.

“मॅडम, घुशीचंच जुळतंय,” तंत्रज्ञ गावित म्हणाले. “पातळ लाळेच्या या गडद पेशी, बुळबुळीत लाळेच्या या फिकट. प्रमाण अगदी माणसासारखं.”

“खारीत काय वाईट आहे?”

“फिकट पेशी जवळजवळ नाहीतच. घास घशाखाली सरकणार कसा?”

ते तिलाही दिसत होतं. तरी तिने अहवालात ‘खार’ लिहिलं. मग आईची काटकुळी मनगटं आठवली आणि स्वतःला शिव्या घालत तिने ते खोडून ‘घूस’ लिहिलं.

संमतिपत्र वाचून इंदुताई एवढंच म्हणाल्या, “घूस तर घूस. भाकरी गिळता आली म्हणजे झालं.”

कलमग्रंथी बसवल्यावर तीन महिन्यांनी त्या ओट्याशी उभ्या राहून पेरू खात होत्या. जवळ पाण्याचा पेला नव्हता.

“यशू, तोंडाला पाणी सुटलंय गं माझ्या! घे.”

यशोधराच्या लहानपणी याच आईची शिस्त कडक होती. पेरू फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचा, म्हणजे उष्टा होत नाही. आज मात्र पदर मध्ये न घेताच आईने पेरू तोडला होता. तिच्या ओठांपासून फोडीपर्यंत लाळेची चकचकीत तार लोंबत होती. यशोधरा एक पाऊल मागे सरकली.

“अगं घे की! आईचं कसलं आलंय उष्टं?”

आईचा हात तसाच पुढे राहिला. आता नको म्हटलं, तर ते घुशीला म्हटल्यासारखं होईल की आईला?