पट्टीचे चार तास

ऑपरेशन थिएटरच्या दारातून जो पहिला माणूस बाहेर आला, त्यालाच तिनं गाठलं. "डॉक्टर, बाळ कसं आहे?"

"मी डॉक्टर नाही. डॉक्टर एवढे थांबतात का? मी डोळ्यावर कॉन्टॅक्ट लेन्स बसवणारा. बाळ झोपलंय. अडीच मिलिमीटरची चीर, मोतीबिंदू बाहेर. तुम्ही आई?"

"मावशी. आई... बाळंतपणात गेली."

त्यानं बाकावर ठेवलेला आपला चहा तिला दिला. चहा गार होता. ती प्यायली.

भाची चार महिन्यांची. डाव्या बुबुळात जन्मापासून पांढरा ठिपका. पण घर आधी रडण्यात आणि मग बापाच्या दुसऱ्या लग्नाच्या बोलण्यांत गुंतलेलं. बाळाच्या डोळ्यांत बघायला कुणाला सवड?

"उशीर झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता चांगला डोळा रोज चार तास पट्टीनं झाका, तरच हा डावा बघायला शिकेल. नाहीतर मेंदू त्याला कायमचा विसरेल."

दर बुधवारी तो बाळाची इवलीशी लेन्स तपासायचा, आणि मावशीकडे बघायचं नाही असं ठरवून बघायचा.

"तुमचा हात कापत नाही?"

"एरवी नाही. तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

"एवढं?"

"एवढंही नको..."

पाचव्या बुधवारी त्यानं बाळाच्या डाव्या डोळ्यासमोर चित्र हलवलं. डोळा हलला नाही. तो चित्र खाली ठेवून म्हणाला, "चार तास पट्टी चिकटली की गालावर लाली उरते. हिच्या गालावर नाही. तुमच्या आहे."

लाली उतरायला वेळ लागला नाही.

"ती रडते हो... अंधारात चाचपडल्यासारखी. अर्ध्या तासात काढते मी. ताई आत ओरडत होती तेव्हा मला कुणी आत सोडलं नाही. हिला तरी... रागवा ना."

"रागावून झालं, मनातल्या मनात. उद्यापासून सकाळी मी येतो. पट्टी मी लावेन, चार तास बसेन. तिला कुणाचा तरी राग यायलाच हवा... माझा येऊ दे. तुमचा नको."

"घरी काय सांगू, कोण म्हणून येता?"

"खलनायक."

तो रोज आला. भाचीनं त्याला ओरबाडलं, त्याच्या शर्टावर ओकली. आजीनं दोनदा विचारलं, "कोण हा मेला?" तिसऱ्यांदा खुर्ची दिली.

अकराव्या आठवड्यात एकदा त्याला उशीर झाला, म्हणून पट्टी मावशीनंच लावली. बाळ झोपलं असेल या समजुतीनं तो पाय न वाजवता आला आणि दारात गप्प उभा राहिला. भाचीचा डावा डोळा भिंतीवरून फिरत दारापाशी आला... थांबला. ओठ दुमडले. मग तिनं असं भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं.

दोघं हलले नाहीत. पूर्ण दिसणार नाहीच, हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण नावडता माणूस ओळखण्याइतकं दिसत होतं.

"मला बघून एवढं कुणी—" तो दारातच खाली बसला.

"सवय होईल तिला," मावशी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही फक्त जाऊ नका."