पहिल्या दहा फेऱ्या

हात धुऊन जागेवर आले, तर माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता आणि अगदी शांतपणे, हळूहळू खाली चालला होता.

खाली म्हणजे खरंच खाली. महिनाभर माझी खुर्ची हेच करत होती. बसलं की दोन मिनिटांत हनुवटी टेबलाला! तो माणूस डोळे मिटून तिचा सुस्कारा ऐकत होता. टेबल जवळ आलं तसा तोल सावरायला त्याने हात पुढे टाकला आणि तो नेमका पडला माझ्या कीबोर्डवर.

पडद्यावरचं हिरवं बटण लुकलुकलं. फेरी संपली आणि माझ्या नव्याकोऱ्या गावात अस्वल शिरलं.

“अहो! काय केलंत हे?”

“खुर्ची बघत होतो...” तो दचकून उठला. “बावीस खुर्च्या दुरुस्त करायला बोलावलंय मला.”

“मग खुर्ची बघा ना. माझं गाव कशाला बुडवलंत?”

त्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. अस्वल कोठाराचं दार मोडत होतं. “तुमचं होय हे? छान आहे... म्हणजे, होतं.”

मला हसू येत होतं, पण मी ते दिसू दिलं नाही. भांडण अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही.

मी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत मजकूर लिहिते. आमचा गेम सावकाश चालतो, एक फेरी तुमची, मग एक समोरच्याची. सगळा नकाशा धुक्यात असतो. हाताशी तंबू घेऊन निघालेली चार कुटुंबं, एक टेहळ्या आणि भालेवाल्यांची एक तुकडी, एवढ्यावर राज्य उभं करायचं. पण नवे लोक पहिल्या दहा फेऱ्यांतच वैतागून निघून जात. त्यांच्यासाठी मी एक छोटी पुस्तिका लिहिली होती आणि साहेबांनी ती त्याच सकाळी परत केली होती. साहेबांना सगळे पाठीमागे सेनापती म्हणतात.

“हे हुशार माणसांसाठी झालंय,” सेनापती म्हणाले होते. “ज्याने जन्मात गेम खेळला नाही असा कुणीतरी पकड, समोर बसव आणि तो जिथे अडेल तिथे पुन्हा लिही. पुढच्या शुक्रवारी मला हवंय.”

असा माणूस आणायचा कुठून? ऑफिसातले सगळे गेम खेळतच मोठे झालेले. आईला फोनवर विचारलं, तर तिने “जिंकल्यावर मला काय मिळणार ते आधी सांग” म्हणून वाटेला लावलं होतं.

मी खुर्चीवाल्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. दुमडलेल्या बाह्या, कानामागे पेन्सिल आणि अस्वलाबद्दल मनापासून वाईट वाटलेला चेहरा.

“तुम्ही गेम खेळता का हो?”

“नाही बुवा. लहानपणी ताई खेळायची. मला नुसतं बघायला बसवायची.”

देव पावला म्हणायचा!

खुर्च्या रिकाम्या मिळायच्या त्या फक्त जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन. ठरलं असं की अर्धा तास त्याने खुर्च्या दुरुस्त करायच्या आणि अर्धा तास माझ्याकडे अडाणी म्हणून बसायचं.

“अडाणी?”

“नवखा म्हणते हवं तर.”

“नको, अडाणीच बरं. घरी सवय आहे.”

त्याच दिवशी त्याने माझ्या खुर्चीचा दांडा बदलला आणि मी पुन्हा माणसाच्या उंचीवर आले.

माझ्या पुस्तिकेतलं पहिलं वाक्य होतं, ‘पहिल्याच फेरीत वस्ती करा, जागा शोधत हिंडू नका.’ त्याने ते मोठ्याने वाचलं, मान डोलावली आणि त्या चार कुटुंबांना सात फेऱ्या पायपीट करायला लावली.

“वाचलंत ना तुम्ही?”

“वाचलं की. पण... जागा आवडायला नको का?”

“आवडायचं काय त्यात? जवळ पाणी दिसलं की बसायचं.”

“असे बसतात होय लोक तुमच्याकडे?” त्याने अगदी भाबडेपणाने विचारलं. मी वहीत लिहून घेतलं : पाण्याबद्दल आधी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी तो टेहळ्याला घराबाहेर काढेना. “एकट्याला कसं पाठवू धुक्यात?” म्हणे. तिसऱ्या दिवशी भालेवाल्यांना समुद्र दाखवायला घेऊन गेला आणि मोकळ्या गावात अस्वल शिरलं. चौथ्या दिवशी धुक्यातून शेजारच्या राज्याचा माणूस आला. दोघं समोरासमोर उभे, आणि हा फेरीमागून फेरी संपवतोय.

“अहो, बोला ना त्याच्याशी. त्याच्यावर बोट ठेवलं की बोलता येतं.”

“तो आधी बोलू दे की.”

“तो नाही बोलणार.”

“का? त्याला काय होतंय?”

“त्यालाही तुमच्यासारखंच होतंय!” मी म्हणाले आणि आम्ही दोघंही इतके हसलो की पलीकडच्या खोलीतून सेनापती डोकावले.

मला काय काय आवडू लागलं होतं ते सांगायचं तर यादी लांबेल. तो बोल्ट आवळायचे पाने लावायचा ते. माझ्या टेबलाखाली मुक्कामाला ठेवलेल्या पेटीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आठचा, दहाचा, बाराचा, प्रत्येक वापरून झाला की पुसून जागच्या जागी. खुर्ची दुरुस्त झाली की तिच्या पाठीवर हळूच थाप मारायचा ते. संत्रं सोलून अर्धं न विचारता माझ्या वहीवर ठेवायचा, तेही.

त्या शुक्रवारी बाहेर भुरभुर पाऊस होता. माझी जागा खिडकीपाशी. काच धुरकट झालेली, खालचा रस्ता पुसट, आणि इकडे पडद्यावर नकाशाच्या कडेला तसंच मऊ, पांढरं धुकं. दोन्हीकडे एकदमच शांत झालं. टेहळ्या एका टेकडीवर उभा होता आणि खुर्चीवाला त्याला पुढे नेत नव्हता.

“चला ना. नकाशावर अजून दोन घरं पुढे जाता येतं.”

“हे धुकं सगळं काढायलाच हवं का?”

“काढल्याशिवाय कळणार कसं, पलीकडे काय आहे ते?”

“थोडं राहू दे...” तो म्हणाला. “पलीकडे काहीतरी आहे एवढं कळलं, तरी दिवस चांगला जातो माझा.”

हे म्हणताना तो पडद्याकडे बघत नव्हता.

मला तेव्हा काहीतरी झालं. काहीतरी कशाला, सरळ सांगते, मी प्रेमात पडले. दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी, कोरड्या खुर्चीत बसून मी नखशिखान्त भिजले. शनिवार-रविवार घरात अशी वावरले की आईने दोनदा माझं कपाळ चाचपून पाहिलं.

सोमवार उजाडला आणि मी बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस राहिले होते. शुक्रवारी पुस्तिका साहेबांच्या हातात पडणार आणि बावीस खुर्च्या संपणार. मग तो माझ्या मजल्यावर यायचं कारणच उरणार नव्हतं. डाव कसा सुरू करायचा हे मी जगाला शिकवत होते आणि स्वतः मात्र एक पाऊल टाकायला घाबरत होते.

आणि सोमवारीच माझी धडधाकट खुर्ची पाठीतून डुलायला लागली. कशी, ते विचारू नका.

“अरेच्चा!” तो म्हणाला. “बोल्ट सैल झालाय.”

“होतात का हो असे आपोआप?”

“होतात कधीकधी,” तो म्हणाला आणि पेटीत पाना शोधत जरा जास्तच वेळ थांबला. “हिला आता शेवटी घेऊ. शुक्रवारी.”

मंगळवारी सेनापतींनी ऐन एक वाजता मला बैठकीला बोलावलं. चाळीस मिनिटांनी धावत परत आले, तेव्हा तो जमिनीवर बसून कुणाच्या तरी खुर्चीची चाकं पुसत होता. बुधवारी पुन्हा खेळलो. पुन्हा अस्वल! मी कपाळाला हात लावला आणि अस्वलाचं वाक्य तिसऱ्यांदा लिहायला घेतलं : ‘टेहळ्याला फिरू द्या, पण भालेवाल्यांना गावातच ठेवा. घरी कुणीतरी असलं की बाहेरचं जग सुंदर दिसतं.’

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात वंगणाने माखलेले, म्हणून त्याने मलाच स्पीकर लावायला सांगितला.

“काय रे,” पलीकडून त्याच्या ताईचा आवाज आला. दुकान तीच सांभाळते. “बावीस खुर्च्या म्हणजे चार दिवसांचं काम. आज आठवा दिवस! तिथे खुर्च्या नव्याने घडवतोयस की काय?”

“ताई, नंतर बोलतो.”

“नंतर काय? काहीतरी भानगड आहे तुझी.”

त्याने कोपरानेच फोन बंद केला. त्याचे कान लाल झाले होते. मी वहीत डोकं घालून बसले आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी संध्याकाळी पुस्तिका पूर्ण करायची म्हणून त्याच्या डावांची यादी उघडली. आमच्याकडे प्रत्येक डावाची नोंद आपोआप राहते. कोणत्या फेरीत काय केलं, सगळं. मी आठ डाव धरून बसले होते. यादीत नऊ होते.

जास्तीचा डाव मंगळवारचा, एक वाजून सात मिनिटांनी सुरू झालेला. मी बैठकीत होते तेव्हाचा!

पहिल्याच फेरीत वस्ती, नदीच्या वळणावर. टेहळ्या दुसऱ्या फेरीला टेकडीपलीकडे. भालेवाले गावात. सहाव्या फेरीला शेजारी दिसला, तर त्याच फेरीत आपणहून नमस्कार आणि भेट म्हणून धान्य. दहा फेऱ्या, एकही चूक नाही. अस्वल लांबूनच बघून निघून गेलं होतं.

म्हणजे या माणसाला सगळं येत होतं! मंगळवारी येत होतं आणि बुधवारी माझ्या शेजारी बसून त्याने डोळ्यांदेखत अस्वलाला घरात घेतलं होतं. मी त्याच्यापायी एक वाक्य तीनदा लिहिलं होतं. माझा असा तिळपापड झाला की काय सांगू.

मग गावाच्या नावाकडे लक्ष गेलं. आमच्या गेममध्ये वसवलेल्या गावाला आपल्या मनाने नाव देता येतं. माझ्यासमोर त्याने नेहमी नुसतं ‘गाव’ असंच लिहिलं होतं. त्या डावात मात्र लिहिलं होतं :

‘तिसरा मजला, खिडकीपाशी’.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी मी एकटीच बसते.

राग कुठे गेला कळलंच नाही. बराच वेळ मी त्या पाच-सहा छोट्या घरांकडे बघत राहिले. त्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. मग पुस्तिकेचं दहावं वाक्य लिहिलं. तेवढंच लिहायचं राहिलं होतं. ‘धुक्यातून कुणी आलं, तर तुम्हीच आधी बोला. तोही तुमच्यासारखाच थांबलेला असतो.’

शुक्रवारी सकाळी सेनापतींनी उभ्याउभ्या पुस्तिका वाचली. “आता माझ्या आजीलाही खेळता येईल,” म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं कौतुक आम्ही कधी ऐकलं नव्हतं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

एक वाजता तो आला. बाविसावी खुर्ची माझी. गुडघ्यावर बसून त्याने बोल्ट आवळला आणि पाठीवर थाप मारली.

“झाली. आता नाही डुलणार.”

“बुधवारी अस्वल कसं शिरलं हो?”

“ते... भालेवाले बाहेर गेले होते ना...”

“मंगळवारी नव्हते गेले.”

पाना त्याच्या हातातच राहिला. “मंगळवारचं... दिसतं तुम्हाला?”

“सगळं दिसतं. गावाचं नावसुद्धा.”

कान, मान, कपाळ, सगळा माणूस लाल झाला. “शिकलो म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, झालं, आता या.”

“तुमच्या खोट्या अडाणीपणापायी मी एक वाक्य तीनदा लिहिलं!”

“तिसरं फार छान झालं होतं,” तो हळूच म्हणाला. मग जमिनीकडे बघत पुढे म्हणाला, “आणि... दहाचा पाना माझ्या पेटीत कायम बाराच्या आधी असतो. सोमवारी तो सगळ्यात शेवटी होता. बोल्ट आपोआप सैल होतात हो, पण पाने आपोआप जागा बदलत नाहीत.”

आता लाल व्हायची वेळ माझी होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. काचेवर धुकं नव्हतं, नजर लपवायला काहीच नव्हतं. तो खाली गुडघ्यावर, मी उभी, आणि दोघंही गप्प... त्या चौथ्या दिवशीच्या दोन राज्यांसारखे. मी त्याला किती हसले होते!

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. “खूप. आज तुम्ही गेलात तर मला सोमवार नकोसा होईल.”

त्याने पाना बोल्टला लावला आणि अर्धा आटा उलटा फिरवला. खुर्चीची पाठ डुलली.

“ही काही झाली नाही अजून,” तो म्हणाला. “सोमवारी यावं लागेल.”

मी हसले. डोळ्यांत पाणी होतं तरी हसले.

“घट्ट कर तो बोल्ट,” मी म्हणाले. “आणि सोमवारी ये. काही बिघडलेलं नसलं तरी ये.”

त्याने वर पाहिलं. किती वेळ पाहिलं, मी मोजलं नाही.

“एक वाजता?”

“एक वाजता.”

त्याने बोल्ट घट्ट केला, पाना नीट पुसला आणि पेटीत बाराच्या आधी, जागच्या जागी ठेवला.