आईचा समुद्र, माईंचा डोंगर

“माई समुद्र म्हणताहेत ना? मग ठरलं. समुद्रच घेऊ,” मुलगा म्हणाला, आणि आईने तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला तसाच हातात राहिला.

माई! म्हणजे त्याच्या सासूबाई! ज्या आईने त्याला एकटीने वाढवलं, जिने आयुष्यभर समुद्राचं नुसतं नाव ऐकलं, तिला कुणी काही विचारलं नाही. आणि वर्षभरापूर्वी दोन बॅगा घेऊन लेकीकडे राहायला आलेल्या विहीणबाईंनी एक शब्द काढला मात्र, लगेच समुद्र ठरलासुद्धा. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पेला खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

सुट्ट्यांच्या योजना विकणाऱ्या एका कंपनीच्या थंडगार दालनात ते पाचजण बसले होते. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि या दोघी विहिणी. योजना अगदी सरळ होती. एकदा पैसे भरायचे, की पुढची पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, रिसॉर्टमधलं दोन खोल्यांचं घर आपलं. मात्र रिसॉर्ट एकच निवडायचं, आणि एकदा सही झाली की त्यात बदल नाही. कंपनीची रिसॉर्ट दोन होती. एक समुद्रकाठी, दुसरं डोंगरात. दोन्हींच्या छोट्या प्रतिकृती काचेच्या पेट्यांत मांडल्या होत्या आणि नात काचेला नाक लावून तिथली बोटभर माणसं बघत होती. कंपनीचा विक्रेता दर दोन वाक्यांनी कुणाला तरी ‘मॅडम’ म्हणत होता आणि त्याचं हसू काही केल्या मावळत नव्हतं.

समुद्र... आईच्या मनात तो फार जुना होता. नवरा गेला तेव्हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता. पोटासाठी ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात लागली. तळघरात, जिथे ना खिडकी ना वारा, तिथे उकळत्या पाण्याच्या वाफेत ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सुट्ट्यांच्या चादरी धूत राहिली. समुद्रावरून परतणारे पाहुणे त्या हॉटेलात मुक्काम करत. त्यांचे टॉवेल झटकले की जमिनीवर बारीक वाळू पडायची. एकदा तिने ती चिमूटभर वाळू रुमालात बांधून लेकासाठी घरी आणली होती. त्याने ती तळहातावर घेतली आणि म्हणाला, “आई, मी मोठा झालो ना, की तुला तिथे घेऊन जाईन.”

तो मोठा झाला. नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. आणि समुद्र राहिला तो राहिलाच. तिने कधी आठवण करून दिली नाही. मागून मिळवायचं ते कसलं मिळवणं? त्यानेच एक दिवस आपणहून म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती... नाही, एकदा दाखवली होती! वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना, कोण जाणे कशी, विहीणबाईंपाशी ती बोलून गेली होती.

आणि आता त्याच विहीणबाई समुद्र समुद्र करत होत्या. डोंगराळ गावात जन्मलेली, तिथल्याच शाळेत लहान मुलांना शिकवत म्हातारी झालेली ही बाई. तिथलं धुकं, तिथली झाडं, तिथली थंडी, यावाचून वर्षभर दुसरं बोलणं नाही. ऐकून ऐकून आईचे कान किटले होते. तिला अचानक समुद्र कसा आठवला? आईला आता सगळं उमजलं. आधी हिने मुलगा घेतला. ऑफिसातून आला की त्याचं पहिलं वाक्य, “माई, चहा झाला का?” मग दोघं मिळून शब्दकोडं सोडवणार आणि खिदळणार. मग नात घेतली. पोरगी विहीणबाईंना ‘गोष्टीची आजी’ म्हणायची, आणि जी तिला रोज न्हाऊमाखू घालते, तिच्या केसांचा गुंता सोडवते, तिला काय, तर ‘आंघोळीची आजी’! एवढ्यानेही हिचं समाधान झालं नाही. आता मनात जपलेला समुद्रही हिनेच आपल्या नावावर करून घेतला!

“आणि मोठ्या मॅडम, तुमचं काय मत?” विक्रेत्याने विचारलं.

आई हसली. आयुष्यात ती इतकं गोड क्वचितच हसली असेल.

“मला विचाराल तर डोंगरच घ्या. विहीणबाईंचं सगळं आयुष्य तिथे गेलंय. त्यांना तिथेच बरं वाटेल.”

जा, आपल्या डोंगरात परत जा, असं तिला म्हणायचं होतं. एकेक शब्द तिने जहरात बुडवून काढला होता. पण झालं भलतंच. सुनेने एकदम पुढे होऊन सासूचा हात धरला. विहीणबाईंनी चष्मा काढला आणि मान खाली घातली. आणि मुलगा खुर्ची सरकवून आईजवळ आला.

“आई,” तो म्हणाला, “मी विसरलो नव्हतो गं. रुमालातली वाळू, मी तुला काय म्हणालो होतो, सगळं आठवतंय. मला पहिल्यापासून समुद्रच घ्यायचा होता, तुझ्यासाठी. पण माईंना डोंगराची किती ओढ आहे ते माहीत होतं, म्हणून बोलायचं धाडस होत नव्हतं. आज त्याच समुद्र म्हणाल्या आणि मी सुटलो. लगेच हो म्हटलं. आणि तू... तू त्यांच्यासाठी तोही सोडतेस?”

सगळी गंमत बघा! ज्या वाक्याची तिने इतकी वर्षं वाट पाहिली, ते आज तिच्या पुढ्यात आलं होतं, पण तिने स्वतःच्याच हाताने दार लावून घेतल्यावर. ‘नको रे, समुद्रच घे, मी रागाने बोलले’ असं म्हणायला तिचे ओठ हलले. पण समोर विहीणबाई डोळे पुसत होत्या, सून कौतुकाने बघत होती, मुलगा तर तिला देवघरात बसवायच्याच बेतात होता. आईने ओठ मिटून घेतले.

“काय मन आहे मॅडम तुमचं,” असं म्हणून विक्रेता डोंगराचे कागद तयार करायला निघून गेला. तोवर सगळ्यांनी जेवून घ्यावं, जेवण कंपनीकडून होतं.

आईने ताट जेमतेम चिवडलं. तोंड धुवायचं निमित्त करून ती उठली आणि दालनामागच्या अरुंद गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली गाड्या लावायची जागा होती, पलीकडे कुणाच्या तरी घराच्या पाण्याच्या टाक्या. मागे पावलं वाजली. विहीणबाई होत्या.

“ताई,” त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. “नवरा गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही सोडलेलं मला आठवत नाही. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

हे मात्र आईला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर तिने दोन ऐकवल्या असत्या. पण न केलेल्या पुण्याचं कौतुक अंगावर घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने हात सोडवून घेतले.

“उपकार कसले? मी डोंगर म्हटलं ते तुमच्यासाठी नाही. जळफळाट झाला माझा, म्हणून म्हटलं. माझा मुलगा तुमच्याशी हसतो, नात तुमच्या कुशीत झोपते, आणि समुद्रही तुमच्या शब्दावर येणार... मला ते बघवेना. तुम्ही इथून जावं, एवढंच मनात होतं. घ्या, आता ऐकलंत ना? सांगा जाऊन सगळ्यांना.”

कठड्यावर हात टेकून विहीणबाई खालच्या गाड्यांकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, “मग मी तरी कुठे तुमच्यासाठी समुद्र म्हटलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही मुलाच्या घरात राहता ताई. मी जावयाच्या घरात राहते. गोष्टी सांगते, कोडी सोडवते, सारखी हसते. न हसून कसं चालेल मला? आणि माझी स्वतःची लेक... ऑफिसातून आली की चपला काढून आधी तुमच्या खोलीत जाते. मागे तापाने फणफणली होती, आठवतं? ‘आई, आई’ करत होती. मी धावत गेले, तर म्हणाली, ‘तू नको, त्यांना बोलाव.’ मी दाराशी उभी राहिले आणि तुम्ही तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतात. त्या रात्री मला तुमचा इतका राग आला होता...” त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. “आज वाटलं, आपला डोंगर सोडून तुमचा समुद्र आपण मागावा. सगळे म्हणतील, माईंचं मन किती मोठं. लेकही म्हणेल. पण तुम्ही त्यातही माझ्या पुढे गेलात.”

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. हेवा? तिचा? आजवर तिची कीव पुष्कळांनी केली होती, कुणी कौतुकही केलं होतं; पण तिच्याकडे बघून कुणाच्या पोटात दुखावं असं आपल्यापाशी काही आहे, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वर्षभर एका भिंतीआड दोघी जळत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं, पलीकडची सुखात आहे. आईला हसूही आलं आणि रडूही. मग दोघी कठड्याला टेकून, एकीच्याच पदराला डोळे पुसत, मनसोक्त रडल्या.

“चला,” शेवटी विहीणबाई नाक ओढत म्हणाल्या. “आत जाऊन सांगू, समुद्रच हवा म्हणून. तुमचा मुलगा केवढा आनंदेल. सही व्हायच्या आत चला.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय? गावाकडचं घर विकलं तेव्हाच मी मनाची समजूत घातली. आता तिथे उतरायला आपलं म्हणून दारच उरलं नाही.” त्या हसल्या, पण हसू ओठांवर टिकलं नाही. “सवयीने आठवतं, इतकंच.”

दोघी आत आल्या. टेबलावर कागद मांडून झाले होते. नात खुर्चीवर पेंगत होती आणि सून तिचं तोंड पुसत होती. मुलगा पेन उघडून बसला होता.

“मोठ्या मॅडम, मग डोंगर नक्की ना? एकदा सही झाली की...”

आईने काचेच्या पेटीतल्या समुद्राकडे पाहिलं. निळ्या रंगाचा एक चिंचोळा पट्टा होता तो, आणि त्याच्या काठाला पांढरी घरं. एका शब्दाची खोटी होती. मुलगा त्या शब्दाची वाटच बघत होता, विहीणबाई मागून हळूच तिला पुढे ढकलत होत्या. पंचवीस वर्षं... तेवढी तिच्या हातात होती तरी का?

“डोंगर,” आई म्हणाली. “नक्की.”

या खेपेला कुणी तिचा हात धरला नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. सगळ्यांच्या लेखी तो त्याग मघाशीच होऊन गेला होता. विक्रेत्याने बोटाने जागा दाखवली, मुलाने सही केली, सुनेने लेकीला खांद्यावर घेतलं आणि गाडीची किल्ली कुठे आहे म्हणून ती पर्स धुंडाळू लागली. फक्त विहीणबाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या.

जिना उतरताना त्या आईच्या अगदी कानाशी आल्या.

“समुद्रावर इथून बस जाते म्हणे. सकाळी निघालं की दिवे लागायच्या आत घरी. आपण दोघीच जाऊ या का? तिथे जायला काही करार नको.”

आई एक पायरी थांबली. पुढे मुलगा गाडीचं दार उघडत होता. त्याने बोट धरून न्यावं, हे मनात होतं ते राहिलंच. ते आता कधी व्हायचं नव्हतं, आणि त्याला ते कळायचंही नव्हतं. तिने विहीणबाईंचा हात धरला आणि पुढची पायरी उतरली.

“खिडकीपाशी मात्र मी बसणार,” ती म्हणाली.