पेटीत नसलेला स्वर

शेवटी दीप्ती सोनवणे नितेश परबला हो म्हणाली.

पण ते सोडा. असं काही घडलंच नाही असं समजा. घडलं ते एवढंच, की एका सोमवारी दुपारी दीप्ती साकीनाक्याच्या एका गल्लीत रिक्षातून उतरली आणि तिच्या हातातल्या खोक्यात पितळेचे पाच गोळे होते.

सगळ्यात मोठा नारळाएवढा, सगळ्यात छोटा लिंबाएवढा. आतून पोकळ. प्रत्येकाला एका बाजूला वाटोळं तोंड, दुसऱ्या बाजूला चोचीसारखी बारीक नळी. हे नक्की काय आहे, ते अख्ख्या मुलुंडमध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं.

मुलुंडला एका ट्रस्टकडे हा संग्रह होता. बोटीवर इंजिनिअर असलेल्या एका गृहस्थांनी चाळीस वर्षं बंदराबंदरांतून जमवलेला. त्यात तारे मोजायची इराणी तबकडी होती, अंगठ्यांनी वाजवायचं आफ्रिकेतलं एम्बिरा होतं, तेरा तारांचं जपानी कोतो होतं आणि एक फ्रेंच बॅरोमीटर होता, जो गेली कित्येक वर्षं रोज वादळ येणार म्हणून सांगत होता. आता ती जागा कोचिंग क्लासला जाणार होती. त्यामुळे वाद्यं जाणार ठाण्याच्या एका संगीत विद्यालयात, उपकरणं एका इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि जे ओळखू येत नाही किंवा चालत नाही ते शनिवारी सकाळी भंगारात.

यादी करायचं काम दीप्तीचं. यादीला रकाने दोन, 'वाद्य' आणि 'उपकरण'. 'काय माहीत' असा तिसरा रकाना तिने मागून पाहिला होता. ट्रस्टचे व्यवस्थापक अनंत सर म्हणाले, "तो रकाना म्हणजेच भंगार."

दोनशे अकरा वस्तू मार्गी लागल्या. राहिले हे पाच. फोनला फोटो दाखवला तर फोन म्हणाला, दिवाळीची शोभेची वस्तू. एखाद्या गोष्टीचं नाव आपल्याला माहीत नाही म्हणून ती वितळवायची, हे दीप्तीला पटेना. या न्यायाने तिचे अर्धे नातेवाईक शनिवारी वितळले असते.

'परब हार्मोनियम वर्क्स' हा गाळा पावडर कोटिंगवाला आणि ड्रिलवाला यांच्या मधे दबून बसला होता. आत एक तरुण, म्हणजे नितेश, पेटीच्या भात्याला चामडं चिकटवत होता.

"हे काय आहे, सांगता येईल?" दीप्तीने एक गोळा पुढे धरला.

"बघू, द्या."

"हातात नाही देता येणार. नियम आहे. वस्तू माझ्या हाताबाहेर जाता कामा नये."

"मग मी काय नजरेने तपासू?"

"बघा ना प्रयत्न करून."

त्याने खरंच प्रयत्न केला. फक्त त्याची नजर गोळ्याच्या जरा वर, म्हणजे दीप्तीच्या चेहऱ्यावर होती.

"तिथे काही बिघडलेलं नाही," दीप्ती म्हणाली.

"तेच तपासत होतो." मग त्याने मान वाकडी केली. "या नळीत कापूस कोणी कोंबला?"

"मी. धूळ जाऊ नये म्हणून."

"कानात पण कोंबता का, घराबाहेर पडताना?"

दीप्तीने कापूस काढला आणि मग तिला दिसलं – नळी बरोबर कानाच्या मापाची होती. तिने ती कानात घातली. तेवढ्यात नितेशने मागे न बघताच पेटीवरून सहज बोटं फिरवली... आणि काळी चारवर गोळा घुमला! कानाशी कुणी शंख फुंकावा तसा. पुढची पट्टी दाबली. गप्प. परत काळी चार. परत शंख.

"हा एकच स्वर ऐकतो," दीप्ती डोळे मोठे करून म्हणाली. "बाकी जगाशी काही देणंघेणं नाही याला!"

"आमचा बाबा असाच आहे."

आता फोनला फोटो न दाखवता स्वभाव सांगितला, तेव्हा फोन शुद्धीवर आला. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वापरलेले, तसले हे गोळे. कुठल्याही आवाजात कोणकोणते स्वर लपले आहेत ते शोधून काढायला. म्हणजे रकाना सापडला, उपकरण! पण कॉलेजची अट होती, वस्तू चालू स्थितीत हवी. प्रत्येक गोळ्याचा स्वर सापडला पाहिजे, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत.

चार गोळ्यांचे स्वर त्याच दुपारी पेटीवर सापडले. पाचवा, संत्र्याएवढा, पांढरी दोनवर किंचित कुरकुरला, काळी दोनवर किंचित कुरकुरला आणि बसला.

"याचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधे आहे," नितेश म्हणाला. "पेटीत तो नाहीच."

"मग तुम्ही गाऊन दाखवा."

"मी पेट्या दुरुस्त करतो. गायलो की गिऱ्हाईक पेटी इथेच टाकून पळतं."

"मग आता?"

"मग शोधायचा. साकीनाका आहे. इथे नाही असा आवाज अजून बनला नाही."

मंगळवारपासून दीप्ती रोज चारला यायची. कानात गोळा, ओठांवर बोट, हातात वही. नितेश तिला आवाजांकडे घेऊन जायचा. शेजारच्या माणिकभाऊंचा कॉम्प्रेसर... नाही. ड्रिल... नाही. चहावाल्याचा आलं कुटायचा दगड... नाही. डोक्यावरून उतरणारं विमान, मागे येणारा टेम्पो, दुसऱ्या मजल्यावरचा कुकर... नाही, नाही, नाही. चहावाल्याने तिला श्रवणयंत्र लागलंय असं समजून साखर जास्त घालायला सुरुवात केली.

बुधवारी 'तुम्ही' कधीतरी गळून पडलं. कुणी उचललं नाही.

"एवढा वेळ न बोलता कशी राहतेस गं?"

दीप्तीने वहीत लिहून दाखवलं – ऐकताना बोलायचं नसतं. शास्त्र आहे.

"मी बोलून बघू? माझा आवाज असला तर?"

तिने मान डोलावली. नितेशने घसा साफ केला, इकडे तिकडे बघितलं, माणिकभाऊ आत गेल्याची खात्री केली.

"आज... तुझं कानातलं छान आहे."

"ते उपकरण आहे," दीप्ती नियम मोडून म्हणाली. पण तोवर तिने गोळा कानातून काढला होता, कारण कान तापला होता.

"गोळा काही बोलला?"

"नाही."

"आणि तू?"

"मला चहा हवाय."

शुक्रवारी सव्वापाच वाजले तरी पाचवा गोळा मुकाच. दीप्ती गाळ्याच्या पायरीवर बसली होती, एका हातात गोळा, दुसऱ्या हातात कटिंग. तेवढ्यात फोन वाजला. अनंत सर. दोन हात, तीन वस्तू. चहा टाकणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा संग्रहातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली.

"सोनवणे, पाचवा भंगारात लिहू ना?" सरांनी विचारलं.

नितेशने सहज म्हणून गोळा कानाला लावला.

"नाऽऽही सर! सहापर्यंत वेळ आहे माझ्याकडे!"

नितेश पायरीवरून उडाला. गोळा पडता पडता वाचला.

"परत बोल!"

"काय?"

"सरांना बोललीस ते."

"नाही?"

"असं पुळचट नको. चिडून."

"नाऽऽही!"

"घुमला! अगं, भिंती हलल्या आत!"

दीप्तीने फोन बंद केला. चार दिवस अख्खा साकीनाका पालथा घातला, आणि स्वर तिच्याच गळ्यात होता. गोळा कायम तिच्या कानात, आणि ती शास्त्र म्हणून गप्प. तिचा नियमच आड येत होता.

"काळी दोनची नाही, पांढरी दोनची नाही," नितेश हळूच म्हणाला. "तू पेटीत बसतच नाहीस यार."

आणि मग त्याचा चेहरा एकदम पडला. त्याने शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक बारीक पितळी पट्टी काढली. पेटीत जी थरथरून वाजते, ती रीड.

"हे काय?"

"रीड. कानशीने घासली की स्वर सरकतो. मंगळवारीच घासलेली, दोन पट्ट्यांच्या मधे. दहा मिनिटांचं काम."

"म्हणजे... मंगळवारीच झालं असतं?"

"हो."

"मग वाजवली का नाहीस?"

"मग बुधवारी तू कशाला आली असतीस?"

माणिकभाऊंचा कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच बंद पडला. गल्लीत इतकी शांतता साकीनाक्याला परवडत नाही.

"आणि आज सहा वाजून गेले असते तर? वितळवला असता ना त्याला!"

"पावणेसहाला वाजवणार होतो. आईशप्पथ."

"वाजव. आत्ता."

नितेशने रीड पेटीत बसवली. दीप्तीने गोळा कानाला लावला. थांबली. आणखी थांबली.

"वाजवतोयस ना?"

"कधीपासून."

"मग हा गप्प का?"

नितेशने रीड काढून उजेडात धरली. "...जास्त घासली गेली वाटतं."

"म्हणजे तुझ्या भरवशावर राहिले असते तर उद्या हा भंगारात."

"हो."

"आणि मला चार दिवस कॉम्प्रेसर ऐकवलास."

"हो. दोनदा."

दीप्तीने चिडायचं ठरवलं. तयारीही झाली. पण त्याच्या हातातली ती वाया गेलेली रीड, त्याचा तो चोरासारखा चेहरा... तिला हसू फुटलं, आणि मग आवरेना.

ती कॉलेजला द्यायचा फॉर्म भरायला वळली तेव्हा तो म्हणाला, "उद्या गोळे जाणार. मग तुझं इथे काही काम नाही."

"नाही."

"रविवारी गाळा बंद असतो. माझंही काही काम नसतं." भात्यावरचा सुकलेला सरस तो नखाने खरवडत होता. "काहीच काम नसताना... येशील?"

विचारून त्याने घाईघाईने पाचवा गोळा कानाला लावला. न जाणो, 'नाही' आलं तर निदान ते मापात तरी ऐकावं.

दीप्ती हो म्हणाली. इतक्या हळू, की गोळ्याला कळलंसुद्धा नाही. नितेशला कळलं.

पावणेसहाला फॉर्म अनंत सरांकडे गेला. पाचवा गोळा: उपकरण, चालू स्थितीत. चाचणीचा स्वर: कु. दीप्ती सोनवणे, चिडलेल्या असताना. खाली 'शेरा' या रकान्यात, दोघांच्या सहीने –

'सदर स्वर पांढरी दोन व काळी दोन यांच्या दरम्यान असून तो सध्या एकाच व्यक्तीकडे उपलब्ध आहे. तरी साकीनाका परिसरातील सर्व कॉम्प्रेसर, ड्रिल, टेम्पो, कुकर व उतरणारी विमाने यांनी दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळेत सदर स्वर किंवा त्याच्या आसपासचा कोणताही स्वर काढू नये, असे आदेश संबंधितांस तातडीने देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'