हैदराबादच्या विमानातला बावन्नावा

खोटं वाटेल, पण हे घडलंय. गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, कोल्हापूरच्या विमानतळावर. माझ्या मावसबहिणीच्या, अनुजाच्या डोळ्यांदेखत.

अनुजा एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर होती. ऊन फार तापलं की त्यांच्या विमानाला पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही. मग एखाद्या प्रवाशाला मागं ठेवावं लागतं.

त्या दिवशी बावन्नातला एक ठेवायचा होता.

सगळ्यात शेवटी तिकीट काढलं होतं... गडहिंग्लजच्या केरबांनी. सत्तरीचे शेतकरी. डोक्याला पटका.

"पोरी, माझी लेक तेजस्वी तिकडं हैदराबादला आयसीयूत हाय. डॉक्टर म्हणत्यात, आजचा दिस न्हाय निघायचा."

"आजोबा, उद्याच्या विमानात पहिली जागा तुमची."

"उद्या कुणाला बघू?"

अनुजानं बाकीच्या प्रवाशांना हात जोडले. कुणी जागा सोडेना. साहेबांना फोन केला. नियम म्हणजे नियम.

"मला जागा नको," केरबा रडायला लागले. "उभा ऱ्हाऊन जातो की!"

दोन वाजता विमानाचं दार लागलं. केरबा काचेजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. विमानाकडं तोंड करून.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. विमानातली हवाई सुंदरी अवंतिका होती.

"अनुजा, कागदावर एक्कावन्न. माझ्या मोजणीत... बावन्न."

परत मोजले. एक्कावन्न.

विमान उडालं.

केरबा तसेच बसून होते. डोळा लागला असेल, म्हणून अनुजा तिकडं गेली नाही. तिला तोंड दाखवायचीही लाज वाटत होती.

चारच्या सुमाराला हैदराबादहून अवंतिकाचा फोन आला.

"मागं एक पटकेवाले आजोबा उभे होते गं. बसा म्हटलं, तर बोलेनात. उतरताना सगळ्यांना बघितलं... ते नव्हतेच."

अनुजानं काचेकडं बघितलं.

केरबा खुर्चीतच होते.

ती जवळ गेली. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती.

श्वास... नव्हता.

"आजोबा!" तिनं त्यांचा हात धरून गदागदा हलवला. एवढ्या उकाड्यात तो हात गार पडला होता.

आणि केरबांनी एकदम श्वास घेतला. पाण्यातनं वर आल्यासारखा.

"का उठवलंस गं?" ते ओरडले. "पोर हात धरून पडलीती की माझा!"

अनुजानं त्यांना पाणी आणून दिलं.

थोड्या वेळानं केरबांच्या खिशातला फोन वाजला. अनुजानं उचलला. केरबांचा जावई, राजवीर.

"मामांना फोन द्या. आत्ता इथं आयसीयूत होते, आता कुठं दिसत न्हाईत. त्यांना सांगा... तेजस्वी गेली. चांगली बोलत होती हो. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांचा हात तिच्या हातातनं सुटला, अन्‌..."

अनुजानं अवंतिकाच्या फोनची वेळ बघितली. चार वाजून आठ मिनिटं. त्यानंतर ती खुर्चीपर्यंत गेली होती. त्यानंतर हात धरला होता.

तिनं नोकरी सोडली.

मी एकदाच विचारलं, भीती वाटली का? तिनं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं.

आजही कुणी झोपलेलं असलं, तर ती लांबूनच हाक मारते.

हात लावत नाही.